रायपूरचे मीठ

छत्तीसगडच्या सपाट मैदानात, खारून नदीच्या पूर्वेस पसरलेल्या रायपूर शहरातून कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्र जवळ येत नाही. पूर्वेकडे जगन्नाथपुरी आणि आग्नेयेकडे विशाखापट्टण ही त्यातल्या त्यात सन्निध अशी किनाऱ्यावरची स्थाने. पण तीही रस्त्याने पाचशे किलोमीटरांपलीकडे, आणि वाटेत अरण्ये, नद्या व पूर्व घाटाच्या रांगा आडव्या पडलेल्या. या मुलुखात धान उदंड पिकते, तेलबिया होतात, रानात मोह आणि चारोळी मिळते, डोंगरांत लोखंड आहे, महानदीच्या वाळूत सोन्याचे कणदेखील धुऊन काढले जात; निसर्गाने येथे ठेवले नाही ते मीठ. राजवटी, लढाया आणि देवालये यांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या उणिवेची फारशी दखल घेतली नाही, कारण मिठाचा उल्लेख बखरीत क्वचित आणि जकातीच्या कागदांत वारंवार येतो. परंतु ज्या पदार्थावाचून मनुष्याचे हृदय धडधडत नाही, स्नायू आकुंचन पावत नाही आणि अन्न पचत नाही, तो पदार्थ शेकडो कोस वाहून आणावा लागणाऱ्या प्रदेशाचा इतिहास त्या पदार्थाला वगळून लिहिणे हे मला नेहमीच अपुरे वाटत आले आहे.

प्रथम देहाचा हिशेब पाहू. प्रौढ मनुष्याच्या वजनातील निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. सत्तर किलो वजनाच्या निरोगी पुरुषाच्या शरीरात सुमारे बेचाळीस लिटर पाणी असते, आणि त्यातील जे पाणी रक्तात व पेशींच्या अवतीभवती असते ते चांगलेच खारट असते. एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ विरघळविले असता जो विद्राव तयार होतो, त्याच्याइतकी रक्तद्रवाची क्षारता असते. रुग्णालयात शिरेवाटे चढविले जाणारे सलाइन याच मापाचे. समुद्राच्या पाण्यात हेच प्रमाण लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम, म्हणजे जवळजवळ चौपट. विसाव्या शतकाच्या आरंभी मॅकॅलम नावाच्या कॅनडातील शास्त्रज्ञाने असा सिद्धांत मांडला की, प्राणी जेव्हा समुद्रातून उत्पन्न झाले तेव्हाच्या आदिम सागराची रचना त्यांनी रक्ताच्या रूपाने आपल्यासोबत जमिनीवर आणली. हा सिद्धांत त्याच्या मूळ स्वरूपात आज कोणी मानीत नाही. तरी सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम यांचे रक्तातील परस्परप्रमाण समुद्राच्या जलाशी बरेच मिळतेजुळते आहे, हे मात्र खरे.

हे मीठ घामावाटे आणि मूत्रावाटे सतत बाहेर जाते, म्हणून अन्नावाटे ते सतत परत यावे लागते. शिकार करून मांस खाणाऱ्या मनुष्याला ते प्राण्यांच्या रक्तमांसातून आपोआप मिळते. भातावर जगणाऱ्याचे तसे नाही. वनस्पतीजन्य अन्नात पोटॅशियम विपुल आणि सोडियम अत्यल्प असते, आणि एकोणिसाव्या शतकात बुंगे या शरीररसायनज्ञाने असे प्रतिपादन केले की, पोटॅशियमचे आधिक्य मूत्रपिंडांना सोडियम बाहेर टाकावयास लावते, म्हणूनच कृषिवल समाजांना मिठाची ओढ असते आणि मृगयाजीवी समाजांना ती नसते. बुंगेने हे विधान काहीसे अतिव्याप्त केले असे पुढे दिसून आले. पण दोन वेळा भात खाणारा आणि वैशाखात पंचेचाळीस अंश तापमानात राबणारा छत्तीसगडचा शेतकरी डोळ्यांसमोर आणला, म्हणजे मिठाची गरज ज्या प्रदेशात सर्वांत अधिक त्याच प्रदेशात ते मुळीच नाही, हा योग किती विलक्षण आहे ते ध्यानात येते.

नागपूरकर भोसल्यांच्या अमलात ही अडचण काही काळ सुसह्य झाली होती, आणि याचे श्रेय त्यांच्या हेतूपेक्षा भूगोलाला अधिक द्यावे लागेल. इ. स. १७४१ मध्ये भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांची फौज छत्तीसगडच्या तेव्हाच्या राजधानीवर, रतनपुरावर, आली. १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याच्याशी झालेल्या तहानंतर ओरिसाचा किनारा नागपूरकरांच्या ताब्यात गेला. आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले. त्यामुळे सुमारे अर्धशतक असा काळ होता की, ज्या किनाऱ्यावर मीठ पिकत होते आणि ज्या मैदानात ते खाल्ले जात होते, ते दोन्ही एकाच दौलतीत मोडत होते. पुरीच्या यात्रेकरूंची वाट आणि मिठाची वाट बऱ्याच अंशी एकच होती. मीठ वाहणारे लोक म्हणजे बंजारे, ज्यांना महाराष्ट्रात आपण लमाण म्हणतो. नायकाच्या हुकमाखाली चालणारा शेकडो, कधी हजारो बैलांचा तांडा. प्रत्येक बैलाच्या पाठीवर दोहों बाजूंस लोंबणारी गोणी. जाताना त्या गोण्यांत छत्तीसगडचे धान्य आणि येताना किनाऱ्याचे मीठ. चाके नाहीत, म्हणून सडकेची गरज नाही. बैल वाटेतच चरतात, म्हणून वाहतुकीचा खर्च किमान. इ. स. १७९५ मध्ये चुनारहून निघून रतनपूर व रायपूर या मार्गे दक्षिणेकडे गेलेल्या कॅप्टन ब्लंटने या प्रांतातून बाहेर जाणाऱ्या धान्याची आणि त्याच्या मोबदल्यात येणाऱ्या महाग मिठाची नोंद केली आहे. रायपूरच्या सीमेवर रावाभाठा येथे बंजारी मातेचे जे देवस्थान आजही गजबजलेले असते, त्याच्या नावातून या लोकांचा या शहराशी असलेला जुना ऋणानुबंध सूचित होतो.

सरकारचा हात या व्यवहारात कोठे होता, हे भोसलेशाहीतील करांच्या नावांवरून कळते. जमीनमहसूल वेगळा, जमीनदारांकडून येणारी टाकोली वेगळी, बिगर-शेतकरी घरांवर पांढरी, मद्यावर कलाली, आणि आयात-निर्यात होणाऱ्या मालावर सायर. मिठाची गोणी या शेवटच्या सदरात पडे. परगण्याच्या हद्दीत शिरताना नाक्यावर तांडा थांबावयाचा, जकात भरावयाची, दस्तक घ्यावयाचे आणि पुढच्या नाक्यावर ते दाखवावयाचे. मध्ये एखाद्या जमीनदाराचे रान लागले की त्याचाही हक्क निराळा. प्रत्येक ठिकाणी घेतली जाणारी रक्कम किरकोळ असेल. पण मीठ मूळचे स्वस्त आणि वजनाला भारी, त्यामुळे किनाऱ्यावर कवडीमोल असलेली वस्तू रायपूरच्या बाजारात पोचेपर्यंत तिच्या किमतीत मिठाचा अंश थोडा आणि वाटेचा अंश मोठा होऊन बसे.

ही घडी इ. स. १८०३ मध्ये मोडली. आडगावच्या पराभवानंतर त्या वर्षीच्या डिसेंबरात दुसऱ्या रघूजी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला, आणि त्या तहाने कटक प्रांत व त्याच्यासोबत समुद्रकिनारा कंपनी सरकारच्या हवाली झाला. इतिहासकार या तहाचा विचार करताना वऱ्हाड आणि कटक गमावल्याने दौलतीच्या उत्पन्नात किती खोट आली हे सांगतात. मीठ गमावले, असे सांगताना मी कोणास ऐकलेले नाही. कंपनीने थोड्याच काळात ओरिसाच्या मिठावर आपला मक्ता बसविला, खासगी उत्पादन गुन्हा ठरविले, आणि भाव असे चढले की १८१७ साली खुर्द्याच्या पाइकांनी जो उठाव केला त्याच्या कारणांत मिठाची महागाईही गणली जाते. प्रत्यक्ष किनाऱ्यावर ही गत, तर घाटापलीकडे काय असेल याची कल्पनाच करावी.

याच सुमारास, या सर्व घडामोडींपासून सर्वस्वी अलिप्त अशा लंडनच्या एका प्रयोगशाळेत मीठ म्हणजे वास्तविक काय आहे, याचा उलगडा होत होता. देवगावच्या तहानंतर चार वर्षांनी, १८०७ मध्ये, हंफ्री डेव्हीने कॉस्टिक सोड्यातून विद्युत्प्रवाह सोडून सोडियम हा धातू प्रथमच वेगळा केला. आणि १८१० मध्ये त्यानेच असे दाखविले की, शेले या स्वीडिश औषधविक्रेत्याला १७७४ मध्ये सापडलेला हिरवट पिवळा गुदमरविणारा वायू हे एक स्वतंत्र मूलद्रव्य असून त्याचे नाव क्लोरीन ठेवावे. सोडियम पाण्यात टाकला तर उसळून पेट घेतो. क्लोरीन हुंगला तर फुप्फुसे जळतात, आणि पहिल्या महायुद्धात तो माणसे मारण्यासाठी वापरला गेला. हे दोन मारक पदार्थ एकत्र आले की ताटाच्या कडेला वाढावयाचे मीठ होते. याचे कारण पुढे अणूच्या रचनेत सापडले. सोडियमच्या अणूत अकरा इलेक्ट्रॉन असतात व त्यांतील सर्वांत बाहेरचा एक सैलपणे धरलेला असतो. क्लोरीनच्या अणूत सतरा असतात व त्याच्या बाहेरच्या कक्षेत एकाची उणीव असते. सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन देऊन धनभारित होतो, क्लोरीन तो घेऊन ऋणभारित होतो, आणि अशा भारित अणूंना, म्हणजे आयनांना, परस्परांचे आकर्षण स्फटिकात बांधून ठेवते. देवघेव पुरी झाल्यावर दोघांचाही मूळचा दाहक स्वभाव उरत नाही.

हा स्फटिक पाण्यात पडला की आयन सुटे होतात व स्वतंत्रपणे संचार करू लागतात. १८८४ साली अऱ्हेनियस या तरुण स्वीडिश विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात हे मांडले तेव्हा उप्सालाच्या परीक्षकांनी त्याला जेमतेम उत्तीर्ण केले. एकोणीस वर्षांनी त्याच विचारासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. देहाचे रसायन समजून घ्यावयाचे तर येथूनच आरंभ केला पाहिजे, कारण शरीरात मीठ ‘मीठ’ म्हणून कोठेच नसते. सोडियम आयन एक काम करतात आणि क्लोराइड आयन दुसरे. प्रत्येक पेशीच्या पटलात एक सूक्ष्म प्रथिन बसलेले आहे, ज्याचा शोध डेन्मार्कच्या स्कू यांनी १९५७ मध्ये लावला. ते तीन सोडियम आयन पेशीबाहेर काढते व दोन पोटॅशियम आयन आत घेते, अहोरात्र, जन्मभर. यामुळे बाहेर सोडियमचा आणि आत पोटॅशियमचा साठा राहतो. मज्जातंतूला चेतना मिळाली की पटलातील दारे क्षणभर उघडतात, सोडियम आत घुसतो, विद्युत्भार पालटतो, आणि हा पालट तंतूच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत जातो. आपण ज्याला वेदना, स्पर्श किंवा विचार म्हणतो, त्याच्या मुळाशी हे सोडियमचे जाणे-येणे आहे.

१८१८ नंतर छत्तीसगडचा कारभार काही काळ इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली गेला, आणि ॲग्न्यू साहेबाने प्रांताचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. तेव्हापासून या शहराचा उत्कर्ष सुरू झाला. १८३० मध्ये मुलुख पुन्हा भोसल्यांकडे आला, आणि १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारल्यावर पुढच्या वर्षी खालसा झाला. मिठाच्या दृष्टीने खालसा होण्याचा अर्थ असा की, पूर्वीचे अनेक किरकोळ नाके जाऊन एकच प्रचंड नाका आला. उत्तरेच्या संस्थानांतील व इतर प्रांतांतील स्वस्त मीठ जास्त करांच्या प्रदेशात येऊ नये म्हणून इंग्रज सरकारने जी अंतर्गत जकातरेषा उभी केली, ती १८६९ च्या सुमारास सिंधू नदीपासून थेट महानदीपर्यंत पोचली होती. सर जॉन स्ट्रॅची यांच्या ग्रंथात तिची लांबी २३०० मैल आणि तिच्यावरील शिपाई व कामगारांची संख्या जवळजवळ १२,००० दिली आहे. पुष्कळ अंतरापर्यंत ही रेषा म्हणजे बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग अशा काटेरी झाडांचे मनुष्याला व जनावराला अभेद्य असे कुंपण होते. जेथे झाडे जगली नाहीत तेथे वाळक्या काट्यांचे किंवा दगडांचे. पुढे काँग्रेसचे संस्थापक म्हणून प्रसिद्धी पावलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे काही वर्षे याच खात्याचे कमिशनर होते, आणि त्यांनी या कुंपणाची निगा एखाद्या बागवानाच्या आस्थेने राखली. १ एप्रिल १८७९ रोजी रेषा उठली; कर मात्र उठला नाही, कारण तोवर मीठ पिकते तेथेच तो वसूल करण्याची व्यवस्था झाली होती.

एखाद्या सरकारने रयतेच्या रक्तातील द्रव्यावर कर बसवावा, हे वाक्य अलंकारिक वाटेल, पण रसायनाच्या दृष्टीने ते अक्षरशः खरे आहे. कापड महागले तर मनुष्य जुने नेसतो. मीठ कमी झाले तर त्याच्यापुढे दुसरा पर्याय नसतो. सोडियम घटला की पेशींबाहेरचे पाणी पातळ होते, आणि पाण्याचा स्वभाव असा की पातळ विद्रावाकडून घट्ट विद्रावाकडे ते पटलातून झिरपत जाते. याला परासरण म्हणतात. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की रात्रीतून खार सुटतो, तेव्हा हेच घडलेले असते, फक्त उलट दिशेने: बाहेर क्षार अधिक, म्हणून फोडीतील पाणी बाहेर. तांबडी रक्तपेशी साध्या पाण्यात टाकली तर फुगून फुटते. दाट खारट पाण्यात टाकली तर आक्रसते. त्या नऊ ग्रॅमांच्या विद्रावात ती जशीच्या तशी राहते. मीठ घटलेल्या माणसाच्या शरीरात पाणी पेशींत शिरते, पायांत गोळे येतात, डोके दुखते, भोवळ येते, आणि घट फारच झाली तर मेंदू सुजून शुद्ध हरपते. उन्हाळी कामावर अशी कोसळलेली माणसे त्या काळात ‘लू लागली’ म्हणून नोंदली जात. त्यांतील किती जणांचे खरे दुखणे बाजारभावाचे होते, ते आता कोणी सांगू शकणार नाही.

रेल्वेने बंजाऱ्यांचा व्यवसाय बुडविला. नागपूरहून राजनांदगावपर्यंतची अरुंद लोहवाट १८८२ पर्यंत पुरी झाली, ती पुढे बंगाल-नागपूर कंपनीने विकत घेऊन रुंद केली व रायपूरवरून पूर्वेकडे नेली. आणि १९३१ मध्ये रायपूर-विजयानगरम् मार्ग सुरू होऊन शहर थेट पूर्व किनाऱ्याशी जोडले गेले. दुर्गम अरण्यात मात्र जुनीच रीत चालू राहिली. बस्तरच्या आठवडी बाजारात आदिवासींनी रानातून वेचून आणलेली चारोळी व्यापारी मिठाच्या बदल्यात मापास माप घेत, ही गोष्ट त्या भागात सर्वश्रुत आहे. तिला केवळ अज्ञानाचा परिणाम म्हणणे मला पटत नाही. चारोळीवाचून माणूस जगतो, मिठावाचून जगत नाही. ज्याला गरज आहे त्याला भाव ठरविता येत नाही, हे व्यापाऱ्याला उत्तम कळत होते.

रायपूरच्या मिठाच्या इतिहासातील सर्वांत चित्तवेधक प्रसंग १९३० च्या एप्रिलमधला आहे. महात्मा गांधींनी दांडीच्या किनाऱ्यावर चिमूटभर मीठ उचलले आणि देशभर मिठाचा कायदा मोडण्याची लाट उसळली. पण ज्या शहराला समुद्र नाही, खाजण नाही, मिठाचे तळे नाही, त्याने कायदा मोडावयाचा कसा? मध्यप्रांतात अन्यत्र यावर जंगल सत्याग्रहाचा तोडगा निघाला. रायपूरकरांनी मात्र रसायनशास्त्राचा आश्रय केला. पंडित रविशंकर शुक्ल आणि त्यांचे सहकारी यांनी हायड्रोक्लोरिक आम्ल व सोडा यांचा संयोग घडवून मीठ तयार केले आणि सरकारचा कायदा जाहीरपणे मोडला. त्या काळी रायपूरच्या चळवळीच्या पाच धुरीणांना लोक पाच पांडव म्हणत, आणि त्यांतील युधिष्ठिराचा मान ज्यांना दिला गेला ते वामन बळीराम लाखे हे रायपूरच्या मराठी समाजातील गृहस्थ होते: माधवराव सप्रे यांच्या ‘छत्तीसगढ मित्र’ मासिकाचे प्रकाशक, सहकारी पेढीचे संस्थापक, आणि सरकारने दिलेली रायसाहेब ही पदवी १९२० मध्ये परत करणारे. शहरातील लाखेनगर ही वस्ती त्यांच्याच नावाची.

या कृतीतील रसायन शाळकरी मुलालाही समजावे इतके सरळ आहे. आम्लात हायड्रोजन आयन व क्लोराइड आयन असतात. सोड्यात सोडियम आयन असतात, व त्यांच्या जोडीला आम्लाचा हायड्रोजन आयन पकडून ठेवणारा दुसरा घटक. सोडा कॉस्टिक असो, धुण्याचा असो वा खाण्याचा असो, हायड्रोजन पकडला जाऊन पाणी होते, धुण्याच्या व खाण्याच्या सोड्यातून कार्बन डायॉक्साइड फसफसून निघून जातो, आणि मागे सोडियम व क्लोराइड राहतात. पाणी आटविले की मीठ. या क्रियेस उदासिनीकरण असे नाव आहे. नाव काहीसे खिन्न असले तरी क्रिया चांगली जोमदार असते, आणि १९३० मध्ये तर तिच्यात औदासीन्य मुळीच नव्हते.

मला या प्रसंगात जे विशेष वाटते ते असे की, सत्याग्रहींनी त्या दिवशी जी क्रिया केली तीच क्रिया त्यांच्या प्रत्येकाच्या उदरात, आणि त्यांना पकडावयास आलेल्या फौजदाराच्याही उदरात, चालू होती. जठरातील आम्ल कोणते, याविषयी जुन्या वैद्यकात नाना तर्क होते. १८२४ मध्ये विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने ते हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचे निःसंशय सिद्ध केले, आणि कारखान्यात वापरले जाणारे तीव्र खनिज आम्ल मनुष्याच्या पोटात असावे, या कल्पनेनेच तत्कालीन विद्वान चकित झाले. हे आम्ल देह मिठापासून करतो. जठराच्या अस्तरातील विशिष्ट पेशी रक्तातून क्लोराइड घेतात, आपल्याजवळचे हायड्रोजन आयन त्याच्या जोडीस बाहेर ढकलतात, आणि दिवसाकाठी दीड-दोन लिटर जठररस निर्माण होतो. या आम्लात अन्नातील प्रथिने उलगडतात व रोगजंतू मरतात. पण आम्लाने कालविलेले हे अन्न पुढे लहान आतड्यात तसेच गेले तर आतडे पोळून निघेल. म्हणून आतड्याच्या आरंभीच्या भागास आम्लाचा स्पर्श होताच एक संदेश रक्तावाटे स्वादुपिंडाकडे जातो, आणि स्वादुपिंड खाण्याच्या सोड्याचा पाझर सोडते. १९०२ मध्ये बेलिस व स्टार्लिंग यांनी हा संदेशवाहक पदार्थ शोधला, आणि संप्रेरकांच्या शास्त्राचा उदय त्यातून झाला. आम्ल आणि सोडा आतड्यात भेटतात. पाणी होते, वायू होतो, आणि मीठ होते, जे पुन्हा रक्तात शोषले जाते. मिठाचा १८८२ चा कायदा मोडण्याचा गुन्हा प्रत्येक प्रजाजन जेवल्यावर करीतच होता. त्याला दाखला मात्र १९३० मध्ये मिळाला. मिठावरील कर १९४७ च्या एप्रिलमध्ये, स्वातंत्र्यापूर्वी काही महिने, उठला.

आता बासीविषयी चार शब्द लिहिल्याखेरीज पुढे जाणे योग्य नव्हे. रात्रीचा उरलेला भात पाण्यात भिजत ठेवून सकाळी मीठ, कांदा आणि हिरवी मिरची यांच्यासह खाणे, ही छत्तीसगडच्या कष्टकऱ्याची शतकानुशतकांची न्याहारी आहे. रायपूरच्या तात्यापाऱ्यातील जुन्या मराठी कुटुंबांत एके काळी तिला गरिबाचे अन्न म्हणून नाक मुरडले जाई. १ मे २०२२ रोजी खुद्द मुख्यमंत्र्यांनी श्रमिकदिनानिमित्त सर्वांना बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले, तेव्हा तिला राजमान्यता लाभली. प्रतिष्ठेचा प्रश्न बाजूस ठेवला तर रसायनाने तिची बाजू प्रथमपासूनच घेतलेली आहे. रात्रभरात जिवाणू भातातील शर्करेचे लॅक्टिक आम्ल करतात, म्हणून तिला ती आंबूस चव येते. भरपूर पाणी, पचनास सुलभ पिष्ट आणि वरून मीठ, हे तिन्ही उन्हात निघण्यापूर्वीच पोटात जाते. एक लिटर घामाबरोबर एक ते चार ग्रॅम मीठ जाऊ शकते, हे कळले की बासीबरोबरची ती मिठाची चिमूट केवळ चवीसाठी नव्हे हे उमगते.

भाताच्या पेजेला येथे पसिया म्हणतात, आणि अतिसार झालेल्या मुलास मीठ घालून पसिया पाजण्याची चाल घरोघर होती. या चालीमागील कारण विज्ञानास १९६० पर्यंत ज्ञात नव्हते. पटकीच्या रोग्याच्या शरीरातून पाणी व क्षार वाहून जातात, हे १८३१-३२ च्या साथीत ओशॉनेसीने रक्ताची परीक्षा करून दाखविले, आणि १८३२ मध्ये लॅटा नावाच्या स्कॉटिश वैद्याने शिरेतून खारे पाणी देऊन काही रोगी वाचविले. हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनाचा अध्यापक झाला. परंतु तोंडाने दिलेले मीठपाणी रोगट आतडे शोषून घेत नसे. १९६० मध्ये क्रेन यांनी असे सुचविले की आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज एकमेकांचा हात धरून शिरतात. दोघांपैकी एकटा असेल तर दार नीटसे उघडत नाही, दोघे असतील तर उघडते, आणि त्यांच्यामागोमाग पाणी परासरणाने आत येते. १९७१ मध्ये पूर्व बंगालच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत दिलीप महालनबीस यांच्याजवळ शिरेतून द्यावयाचे द्रव संपले, तेव्हा त्यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज यांचे पाणी पिंपांतून वाटले, आणि तीस टक्क्यांच्या घरातील मृत्यूचे प्रमाण चारांच्या खाली आले. पसियातील पिष्ट आतड्यात हळूहळू ग्लुकोजात रूपांतरित होते. मीठ घातलेली पसिया म्हणूनच त्या द्रावणाची जवळची नातलग ठरते. रायपूरजवळ माना येथे १९६४ पासून पूर्व बंगालच्या निर्वासितांची मोठी छावणी होती, आणि भात खाणाऱ्या त्या लोकांनाही पेज नवी नव्हती.

शेवटचा विषय आयोडिनाचा. समुद्रापासून दूरच्या आणि पावसाने धुपलेल्या जमिनीत आयोडीन अत्यल्प असते. गळ्यातील अवटू ग्रंथीला आपले थायरॉक्सिन घडविण्यासाठी रेणूमागे आयोडिनाचे चार अणू लागतात, ते न मिळाले की ती फुगते व गलगंड होतो, आणि गर्भावस्थेत ते न मिळाले तर मुलाची बुद्धी खुंटते. प्रौढाची दिवसाची गरज अवघी दीडशे मायक्रोग्रॅम. साध्या समुद्री मिठात तेवढेही राहत नाही. ते मुद्दाम मिसळावे लागते. वैद्य रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात केलेल्या प्रयोगांनी आयोडीनयुक्त मिठाचा गुण सिद्ध केला, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. छत्तीसगड राज्य झाल्यावर गरीब कुटुंबांना शिधावाटपाच्या दुकानातून असे मीठ ‘अमृत नमक’ या नावाने आरंभी नाममात्र दराने व पुढे मोफत देण्यात आले. ज्या मुलुखात मीठ हे सायरचे उत्पन्न होते तेथेच सरकार ते पदरचे वाटू लागले, हा पालट लहान नव्हे. ग्राहकाच्या हाती पोचताना मिठात दशलक्ष भागांस किमान पंधरा भाग आयोडीन असावे, असा दंडक आहे. आरोग्यसेविका घरातील मिठावर पिष्टयुक्त औषधाचा थेंब टाकून ते पाहते, आयोडीन असेल तर थेंब निळा-जांभळा होतो, आणि पावसाळ्यात उघड्या डब्यात ओलावलेले मीठ असले तर तो रंग फिकटच उमटतो.